मधलं बटण

मुलाने पाठवलेली, मोटरवर वर-खाली होणारी तयार खाट आमच्या जिन्याच्या वळणात अडकली. हमालांनी ती उभी करून पाहिली, आडवी करून पाहिली, तिरकी करताना भिंतीचा गिलावा उडवला आणि शेवटी घाम पुसत म्हणाले, "बाई, घर पाडल्याशिवाय ही वर जायची नाही." मी म्हटलं, मग घेऊन जा परत. ते बिचारे गेले, आणि पायऱ्यांवरचा गिलावा झाडता झाडता मी ठरवून टाकलं की आता खाट आपली आपणच करायची.

माझ्या नाकावर राग असतो असं घरात सगळेच म्हणतात. असतो तर असतो. पण तेव्हा मला आलेला राग हमालांचा नव्हता आणि जिन्याचाही नव्हता. तो होता मुलाचा.

माझ्या नवऱ्याची सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. उंच उंच इमारतींच्या पोटात शिरून, दोरांना लटकलेल्या पेट्यांवर उभं राहून त्यांनी काम केलं आणि कधी साधं खरचटलंही नाही. आणि मग आठ महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना आरशासमोर कोसळले. उजवं अंग गेलं. त्याबरोबर वाचाही गेली. सगळ्या शब्दांमधून एकच मागे उरला, "बरं." पाणी हवं असेल तर बरं, नको असेल तरी बरं, माझ्यावर चिडले तरी बरं. डावा हात तेवढा चालतो, पण तोही सारखा थरथरतो.

त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा तरी उठवून बसवावं लागतं. जेवायला, औषधाला, खोकला अडकला की पाठ चोळायला. मी शिवणकाम करणारी बाई, मशीनवर वाकून वाकून आधीच पाठीचे तीनतेरा वाजलेले, त्यात हे वजन. कंबर कसून उभं राहायचं म्हणावं तर कंबरच राहिली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे त्यांना उचलायचं नाही, नाहीतर एका घरात दोन खाटा लागतील. मी ते मुलाला सांगितलं, आणि तिथेच चुकलं. दुसऱ्या शहरात बसल्या बसल्या त्याने शुश्रूषागृहात बाबांसाठी जागा पाहून ठेवली.

"मी रविवारी गाडी घेऊन येतो, आई," तो फोनवर म्हणाला. "हा नाही, याच्या पुढचा. तिथं चोवीस तास माणसं असतात. तुझं काय होईल याचा तरी विचार कर."

"मी केलाय. ते कुठेही जाणार नाहीत."

"तू हात न लावता बाबा उठून बसत असतील, तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ते बसत नाहीत ना."

मी म्हटलं, हा शब्द लक्षात ठेव. तो म्हणाला, ठेवतो. मुलगा वाईट नाही. बापासारखाच शब्दाला पक्का आहे, म्हणून तर मी त्याला त्या शब्दात पकडलं.

कोपऱ्यावरचा वेल्डर माझ्या ओळखीचा. त्याच्या मुलींचे कपडे मीच शिवते. त्याने येऊन आमची जुनी लोखंडी खाट पाहिली, कमरेच्या जागी कापली, बिजागऱ्या लावल्या आणि डोक्याकडचा अर्धा भाग झाकणासारखा वर उचलला जाईल असा केला. त्याच्याखाली गाडीचं चाक बदलताना लावतात तो जॅक बसवला. आता जॅक फिरवायला काहीतरी हवं होतं. ते त्याने भंगारात निघालेल्या एका गाडीतून आणलं. काचेवरचे वायपर फिरवणारी मोटर.

"वहिनी," तो म्हणाला, "साहेबांचं तोंड पुसायला लागली ही, तर मला बोलायचं नाही."

आतून आवाज आला, "बरं." आम्ही दोघंही हसलो. खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं.

मोटर बसली, शेजारी गाडीचीच बॅटरी ठेवली. तारा नुसत्या टेकवल्या की मोटर घरघरायची आणि खाट वर जायची. तारांची अदलाबदल केली की खाली यायची. पण दोन उघड्या तारा हातात धरून नवऱ्याला कितीदा वर-खाली करणार? मधे काहीतरी हवं, बटणं हवीत. तिथे वेल्डरने हात टेकले. "ते साहेबांचं काम," म्हणाला आणि गेला.

साहेबांचं काम खरंच, पण साहेबांकडे एकच शब्द. म्हणून मी एक पद्धत काढली. हो असेल तर डाव्या हाताचं बोट वर करायचं, नाही असेल तर डोळे मिटायचे. खाटेवर पाटी ठेवली, पाटीवर कागद, आणि मी विचारत सुटले.

"बटणातून वीज सरळ मोटरला द्यायची?" डोळे मिटले. "मग मधे काय? तुमच्या लिफ्टमध्ये होतं ते, टिक टिक वाजायचं?" बोट वर. त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर होती. मी खाली आणून उपडी केली, एकेक वस्तू उचलून त्यांच्यासमोर धरली. पारदर्शक डब्यांसारखे रिले दाखवले तेव्हा बोट वर गेलं. रिलेच्या आत तारेचं वेटोळं असतं. बटण दाबलं की त्यात जरा वीज जाते आणि लोखंडाची पट्टी टिक करून ओढली जाते. मग ती पट्टी मोटरला मोठी वीज जोडते. हे मला एका सकाळी नुसत्या हो-नाहीतून कळलं, आणि कुणी शाळेत शिकवलं असतं तर इतकं नीट कळलं नसतं.

दोन रिले घ्यायचे. एक मोटरच्या एका तारेला सांभाळणार, दुसरा दुसरीला. कुणी काही दाबलं नाही तर दोन्ही तारा बॅटरीच्या एकाच बाजूला, म्हणजे मोटर गप्प. पहिला ओढला गेला की खाट वर, दुसरा ओढला गेला की खाली. आणि कुणी शहाण्याने दोन्ही बटणं एकदम दाबली तर दोन्ही तारा पुन्हा एकाच बाजूला, मोटर पुन्हा गप्प, काही जळत नाही. हे चित्र जमेपर्यंत मी किती कागद फाडले ते विचारू नका. दरवेळी ते डोळे मिटत, आणि मी म्हणे, मिटा, मिटा, मी काही थकणारी नाही.

शेवटी बोट वर गेलं. चित्र बरोबर होतं. पण मग तेच बोट खाली आलं आणि थरथरत कागदावर आपटायला लागलं, दोन बटणांच्या मधे जिथे मी काहीच काढलं नव्हतं. मला वाटलं, दमले. हाताची थरथर वाढली की मी नेहमी तो हातात धरून शांत करते. तसाच धरला, कागद बाजूला केला आणि म्हटलं, "पुरे आता, झोपा." ते म्हणाले, "बरं." त्या बरंमध्ये किती राग होता हे मला ऐकू आलं, पण मला वाटलं तो आजाराचा.

दोन दिवसांत मी ते जोडलं. दाराच्या घंटेला असतात तसली दोन बटणं आणली. टाका घालणं मला नवीन नव्हतं, फक्त इथे सुईच्या जागी तारा जोडायची, सोल्डरिंगची तापलेली कांडी होती. ती मी दोनदा चुकून उलट्या बाजूने धरली आणि बोटं भाजून घेतली. जॅकच्या दोन्ही टोकांना छोटे स्विच बसवले, म्हणजे खाट पूर्ण वर किंवा पूर्ण खाली पोचली की आपोआप थांबावी. आधी खाटेवर कापडाच्या चिंध्यांची दोन पोती ठेवली. पोती वर गेली, खाली आली. मग हे झोपले आणि मी बटण दाबून धरलं. खाट हळूहळू उचलली गेली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, माझ्या पाठीतून कळ न निघता, ते उठून बसले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"आता तुम्ही," मी म्हटलं आणि बटण त्यांच्या डाव्या हाताखाली दिलं.

त्यांनी दाबलं. पण बोट थरथरत होतं. दाबलं, सुटलं, दाबलं, सुटलं. रिले टिकटिकटिक करत सुटले, मोटर गचके खाऊ लागली, खाट दगडाळ रस्त्यावरून चालल्यासारखी हादरली आणि यांची मान त्याबरोबर हलू लागली. मी बॅटरीची तार ओढून काढली. ते पांढरेफटक पडले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"ठीक आहे. बटण मी दाबेन," मी म्हटलं. "तुम्हाला हात लावायचा नाही असं ठरलंय, बटणाला नाही."

डोळे मिटले.

"का पण? मी काय तुम्हाला पाडणार आहे?"

डोळे मिटलेलेच राहिले. माझा पारा चढला. मी हातातला पेचकस भिंतीवर फेकला. रविवार तोंडावर आला होता, मी बोटं भाजून घेतली होती, आणि हा माणूस नुसते डोळे मिटून पडला होता. मी दुसऱ्या खोलीत जाऊन मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर उलटी शिवून टाकली. मग ती उसवत बसले. उसवताना राग उतरतो. रागाच्या भरात उसवायला गेलं तर कापड फाटतं, म्हणून हातच सावकाश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पाजून झाल्यावर त्यांनी पाटीकडे पाहिलं. मी चित्राचा कागद समोर ठेवला. बोट पुन्हा आलं, पुन्हा त्याच रिकाम्या जागी आपटायला लागलं. मी हात धरायला पुढे झाले आणि थांबले. उसवून उसवून डोकं जरा ताळ्यावर आलं होतं बहुतेक. थरथरणारा हात कुठेही पडतो. हा एकाच ठिकाणी पडत होता.

मी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि बोट जिथे टेकत होतं तिथे ठिपका केला. मग हळूच कागद सरकवला, वीतभर उजवीकडे. बोट क्षणभर हवेत थांबलं, मग त्या ठिपक्यामागे गेलं. मी कागद वर सरकवला. बोट वर गेलं, ठिपक्यावर.

पहिल्या दिवसापासून ते मला हेच सांगत होते, आणि मी त्यांचा हात धरून त्यांना गप्प करत होते.

"इथे काहीतरी हवंय?" बोट वर. "तिसरं बटण?" बोट वर. "कशाचं? दिव्याचं?" डोळे मिटले. "मला हाक मारायला घंटा?" डोळे इतके घट्ट मिटले की मला अपमान वाटावा. "मग काय? मोटर जोरात चालवायला? नाही? अहो मग... थांबवायला?"

बोट वर गेलं आणि वरच राहिलं.

मला आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही लिफ्टच्या टपावर उभे राहता, आणि खालून कुणी बटण दाबलं तर? ते हसले होते. म्हणाले होते, "टपावर चढलं की पहिलं काम म्हणजे तिथलं थांबायचं बटण दाबायचं. मी ते सोडत नाही तोवर इमारतीच्या मालकानेही कितीही बटणं दाबली तरी लिफ्ट हलत नाही. जो वर उभा आहे, थांबवणं त्याच्या हातात. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम." तोच नियम ते मला सांगत होते. आठ महिने मी त्यांना उचलते, कुशीवर वळवते, आडवं करते. किती वेळा त्यांना नको असेल, किती वेळा दुखलं असेल, पण थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. आणि मी वर त्यांना विचारत होते, मी काय तुम्हाला पाडणार आहे?

"चुकलंच माझं," मी म्हटलं. ते म्हणाले, "बरं." हे बरं वेगळं होतं.

मग कामाला वेग आला. थांबवायचं बटण असलं, की वर जायचं बटण दाबून धरायची गरजच उरत नव्हती. एकदा टिचकी मारली की पुरे. रिलेच्या आतल्या दुसऱ्या पट्टीतून त्यालाच वीज परत द्यायची, म्हणजे बोट सुटलं तरी तो स्वतःला धरून ठेवतो. खाट टोकाला पोचेपर्यंत चालते, नाहीतर मधलं बटण दाबेपर्यंत. बोट थरथरलं तरी काही बिघडत नाही, कारण एकदा धरलेला रिले त्याला भीक घालत नाही. मी हे सगळं बोलून दाखवत होते आणि बोट प्रत्येक वाक्याला वर जात होतं, परीक्षेत पोरगी पास होताना मास्तरांचं व्हावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

बटण आणायला दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "थांबायचं बटण ना? मग साधं नको, उलटं घ्या. हे दाबल्यावर जोडत नाही, तोडतं."

घरी येऊन विचारलं, उलटं का? थोड्या प्रश्नांनंतर तेही कळलं. त्याची तार कुठे तुटली, तर खाट थांबून राहील. चालूच राहणार नाही. चूक झालीच तर ती थांबण्याच्या बाजूने व्हावी, असं त्यांच्या धंद्यात ठरलेलं. मी ते मोठं लाल बटण मधोमध बसवलं, तळहाताने दाबता येईल असं, आणि सगळी पट्टी खाटेच्या डाव्या नळीला घट्ट आवळली. शनिवारी त्यांनी खाट दहादा वर-खाली केली. मला मेलीला बाजूला उभं राहून बघण्यापलीकडे काम नव्हतं.

रविवारी मुलगा आला. जिन्यातला उडालेला गिलावा पाहून म्हणाला, "हे काय केलंस?" मी म्हटलं, "तू पाठवलेल्या खाटेने केलं." तो गाडीत बाबांसाठी उशा घालून आला होता.

त्याने सगळं नीट पाहिलं. तारा पाहिल्या, जॅक पाहिला, बॅटरीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "आई, तू बाहेर थांब. दार ओढून घे."

"मी कशाला?"

"तू आत असलीस की तुझा हात जाणार. ठरलंय ना, हात न लावता?"

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. दोन्ही हात मागे घट्ट धरून ठेवले. आतून टिक ऐकू आलं, मग मोटरची घरघर. मी मनात म्हणाले, जा, जा वर. आणि घरघर अर्ध्यात थांबली.

टोकाला पोचायला अजून वेळ होता. तार निसटली असेल का? बॅटरी बसली असेल का? त्यांना काही झालं असेल का? माझा हात कडीवर गेला. मी तो काढला. आत शिरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. मुलगा दिलेल्या शब्दातून सुटला असता, आणि माझ्याच हाताने. शिवाय खोटं कशाला बोलू, मला त्या लाल बटणाची आठवण झाली. थांबले असतील तर त्यांना थांबायचं असेल. जिन्यातल्या त्या गिलावा उडालेल्या भिंतीला टेकून मी उभी राहिले, पण दार उघडलं नाही.

पुन्हा टिक झालं. घरघर पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी टोकापर्यंत गेली.

मुलाने दार उघडलं. त्याचे डोळे लाल होते. "उजवा हात चादरीत गुंडाळून नळीखाली अडकला त्यांचा," तो म्हणाला. "त्यांना त्या हातात काही कळत नाही ना. खाट वर जात होती आणि खांदा ओढला जात होता. मी धावलो तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जागीच थांबलो. लाल बटण दाबलं, डाव्या हाताने उजवा हात सोडवला, पोटावर ठेवला आणि मग परत वरचं बटण दाबलं. माझी मदत लागलीच नाही त्यांना."

आत हे ताठ बसले होते. मुलगा त्यांच्यासमोर जाऊन बसला. "बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय?" त्याने विचारलं. मला धक्काच बसला. इतक्या दिवसांत मीही हे विचारलं नव्हतं. मी ठरवून मोकळी झाले होते. बोट वर होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. बोट वर झालं.

मुलाने तिथल्या तिथे फोन करून ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण सकाळी अंघोळीला आणि उठवायला माणूस येईल. त्याला हाकलून लावायचं नाहीस." मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, बघू नाही, आई. मी म्हटलं, बरं. खाटेवरून कुणीतरी हसलं.

दुपारी तो उशा तशाच घेऊन परत गेला. ह्यांनी खाट खाली केली आणि डोळे मिटले. मी शेजारच्या पलंगावर जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले, एक डोळा त्यांच्यावर ठेवून, रोजच्यासारखी. तो डोळा केव्हा लागला कळलंच नाही. मोटर वाजली असेल, रिले वाजला असेल, मला काही ऐकू आलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं, आणि ते उठून बसलेले होते, खिडकीतून खालची रहदारी पाहत. केव्हापासून बसले होते, कोण जाणे.